ड्राफ्टच्या आधी: ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे चाहते एवढे कशावरून वाद घालतात?

२००९ चा मोसम, अठरावी फेरी. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्न आणि रिचमंड हे गुणतक्त्याच्या तळाशी पडलेले दोन क्लब खेळत होते. मेलबर्न दोन गुणांनी पुढे होतं. शेवटचा भोंगा वाजायच्या आत रिचमंडच्या जॉर्डन मॅकमॅहनने चेंडू झेलला होता, त्यामुळे वेळ संपली तरी नियमाप्रमाणे किक मारायचा हक्क त्याला मिळाला. त्याने किक मारली, चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला, सहा गुण मिळाले आणि रिचमंड चार गुणांनी जिंकलं.

मेलबर्नच्या कित्येक चाहत्यांना त्या क्षणी हायसं वाटलं. वर्षानुवर्षं ज्या क्लबसाठी घसा कोरडा केला, तो शेवटच्या किकवर हरला आणि तरी बरं वाटलं! त्या माणसांची निष्ठा कमी पडत नव्हती. त्यांचं मन पुढच्या नोव्हेंबरमध्ये होतं, खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये. हा ड्राफ्ट काय असतो आणि त्याच्या आधीचे काही आठवडे चाहते कशावरून हमरीतुमरीवर येतात, ते एकदा कळलं की तो आनंदही कळतो.

आधी खेळाबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लंबवर्तुळाकार मैदानावर खेळतात. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण तो दुसऱ्याला द्यायचा तर पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा. एएफएल या मुख्य स्पर्धेत सध्या अठरा क्लब आहेत आणि एकोणिसावा, टास्मानियाचा, २०२८ मध्ये येणार आहे.

लिलाव म्हणजे काय ते आपल्याला पक्कं माहीत आहे. ज्याच्या थैलीत पैसे जास्त, तो बोली वाढवतो. ड्राफ्ट याच्या बरोबर उलटा चालतो. इथे पैशाला कुणी विचारत नाही, रांगेला विचारतात. मोसमात जो क्लब सर्वांत शेवटी आला, त्याला पहिल्यांदा निवडू देतात, मग खालून दुसऱ्याला, आणि विजेत्याची पाळी शेवटी. रांगेतल्या या एकेका हक्काला ‘पिक’ म्हणतात. पहिला पिक, चौथा पिक, चाळिसावा पिक. समोर असतात देशभरातली तरुण मुलं, बहुतेक सतरा-अठरा वर्षांची. कुठल्या क्लबकडे जायचं हे मुलाच्या हातात नसतं. ज्याने नाव पुकारलं, तिथे जायचं.

हे १९८६ मध्ये सुरू झालं. त्याआधी व्हिक्टोरिया राज्याचे विभाग पाडून क्लबांना वाटून दिलेले होते. तुमच्या विभागात चांगली मुलं जन्मली तर तुमचं नशीब, नाही जन्मली तर बसा हात चोळत. दुसऱ्या राज्यांतले खेळाडू पैसे मोजून आणायचे, म्हणजे श्रीमंत क्लब आणखी बळकट होणार. ड्राफ्ट आणि पगारावरची मर्यादा या दोन गोष्टींनी ते चक्र मोडायचा प्रयत्न केला. आज तळाला असलेल्या क्लबच्या चाहत्याला ‘चार वर्षांनी आपण वर असू’ असं म्हणायला काहीतरी आधार मिळाला. म्हणून हरणाऱ्या क्लबच्या चाहत्यांसाठी ड्राफ्ट हा मोसमातला सर्वांत आशेचा दिवस असतो.

आता वादांकडे येऊ. सगळ्यात जुना वाद असा: उरलेल्यांपैकी सर्वोत्तम मुलगा घ्यायचा, की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे ती भरणारा? ‘आपल्याकडे उंच फॉरवर्ड नाही, मग पुन्हा मिडफिल्डर कशाला?’ हे वाक्य दरवर्षी, दर क्लबमध्ये ऐकू येतं. ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण ड्राफ्टमध्ये घेतलेला मुलगा उद्या मैदानात उतरून तुमची जागा भरत नाही. मिडफिल्डर एक-दोन वर्षांत तयार होतो. उंच खेळाडूंना, त्यातही चेंडू उडवल्यावर मधोमध उडी मारून भिडणाऱ्या रकमनला, चार-पाच वर्षं लागतात. त्याचं शरीर अजून भरायचं असतं, समोर तीस वर्षांचे धिप्पाड गडी असतात. तोवर तुमचा संघ पार बदललेला असतो. आज रिकामी दिसणारी जागा तेव्हा भरलेली असेल आणि भलतीच रिकामी झालेली असेल. म्हणून अगदी वरच्या निवडींत गरजेकडे पाहू नये असं माझं ठाम मत आहे. पहिल्या पाच-सहा नावांत जो सर्वांत चांगला वाटतो तोच घ्यावा. गरजेचा विचार खाली, तिसाव्या-चाळिसाव्या पिकवर करावा, कारण तिथे मुलांमधला फरक इतका बारीक असतो की जागा पाहून ठरवलं तरी नुकसान नाही.

पण ‘सर्वांत चांगला’ कोण, हे ठरवायचं कसं? क्लबची निवड करणारी माणसं या मुलांचे सामने दोन-दोन वर्षं पाहतात, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात, शाळेतल्या प्रशिक्षकांना विचारतात. चाचण्यांत वीस मीटरची धाव, उभी उडी, वळण्यातली चपळाई, दोन किलोमीटरची धाव मोजतात. इतकं करूनही चुका होतात आणि होतच राहणार, कारण सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून पंचवीस वर्षांचा माणूस ओळखायचा असतो.

रिचमंडच्या चाहत्यांना २००४ हे साल विसरता येत नाही. पहिला पिक त्यांचाच होता, त्यावर त्यांनी ब्रेट डेलिडिओला घेतलं. चौथाही त्यांचाच, त्यावर घेतलं रिचर्ड टॅम्ब्लिंगला. लगेच पुढे, पाचव्या पिकवर, हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिनला घेतलं. फ्रँकलिनने पुढे कारकिर्दीत हजारावर गोल केले आणि २०२२ मध्ये सिडनीच्या मैदानावर तो हजारावा गोल झाला तेव्हा हजारो प्रेक्षक कुंपण ओलांडून आत धावले. टॅम्ब्लिंग शंभराहून जास्त एएफएल सामने खेळला. कुठल्याही मुलाला अभिमान वाटावा अशी ही कारकीर्द. पण त्याचं नाव निघालं की लोक फक्त ‘फ्रँकलिनच्या आधीचा’ म्हणूनच काढतात. हा अन्याय आहे, आणि तो चाहत्यांनी केलेला आहे. आपल्याला कोणत्या नंबरावर घ्यावं हे त्या मुलाने सांगितलं नव्हतं. नंबर क्लबने ठरवला, ओझं आयुष्यभर त्याने वाहिलं.

दुसरा वाद जास्त गुंतागुंतीचा, आणि मला तरी जास्त आवडणारा: पिक वापरायचा की विकायचा? पिकची अदलाबदल चालते. एका खेळाडूच्या बदल्यात पिक, एका मोठ्या पिकच्या बदल्यात दोन छोटे, आणि २०१५ पासून तर पुढच्या वर्षीचा पिकसुद्धा आज देता येतो. चाहते वरच्या पिकचे दोन तुकडे करण्याला ‘स्प्लिट’ म्हणतात.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००१ चं. फ्रीमँटलकडे पहिला पिक होता. त्यांना तयार खेळाडू हवे होते, म्हणून त्यांनी हॉथॉर्नकडून ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन घेतले आणि बदल्यात पहिला, विसावा आणि छत्तिसावा असे तीन पिक दिले. पहिल्यावर हॉथॉर्नने ल्यूक हॉजला घेतलं, छत्तिसाव्यावर सॅम मिचेलला. २००८ मध्ये हॉथॉर्न विजेतं झालं तेव्हा मिचेल कर्णधार होता. २०१३, २०१४, २०१५ असं ओळीने तीनदा जिंकलं तेव्हा हॉज कर्णधार होता. चार विजेतेपदांचे कर्णधार एकाच सौद्यातून आले! आणि तो क्रोड? दोन मोसमांनी तो हॉथॉर्नला परतला आणि २००८ च्या विजयी संघात खेळला.

हे ऐकलं की कुणालाही वाटेल, पहिला पिक कधीच सोडू नये. मात्र यातला निम्मा धडा छत्तिसाव्या पिकचा आहे. मिचेलला सगळ्यांनी पस्तीस वेळा नाकारलं होतं. त्याच ड्राफ्टमध्ये अठ्ठावन्नाव्या पिकवर कॉलिंगवूडने डेन स्वॉनला घेतलं, आणि त्याने २०११ मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवला. वरचा पिक जास्त मोलाचा असतो हे खरं, पण जितक्या जास्त वेळा निवडायला मिळेल तितक्या जास्त वेळा नशीब उघडायची शक्यता असते, हेही खरं. स्प्लिटच्या बाजूने बोलणारे चाहते नेमकं हेच मांडत असतात.

पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबने दोन वर्षांत दोन्ही वाटा चालून पाहिल्या. २०२२ मध्ये त्यांच्याकडे दुसरा पिक होता. अनेक क्लबांच्या मोठ्या सौद्यात तो देऊन त्यांनी आठवा आणि बारावा घेतला. त्यावर आले रूबेन गिन्बे आणि इलायजा ह्यूएट, दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियातलेच. पुढच्याच वर्षी क्लब तळाला गेला आणि पहिला पिक हातात आला. आता समोर होता हार्ली रीड, व्हिक्टोरियातल्या टोंगाला या लहानशा गावचा मुलगा. एवढी चर्चा झालेला मुलगा बऱ्याच वर्षांत आला नव्हता. चाहत्यांत उभी फूट पडली. एक बाजू म्हणे, असा मुलगा दहा वर्षांत एकदा येतो, डोळे झाकून घ्या. दुसरी म्हणे, पिक फोडा, संघाची अवस्था एका मुलाने सुधारणारी नाही, आणि शिवाय हा घरी परत गेला तर?

‘घरी परत गेला तर’ हा मुद्दा ऑस्ट्रेलियात अगदी गंभीर आहे. पर्थ ते मेलबर्न हे अंतर अडीच हजार किलोमीटरहून जास्त. अठरा वर्षांचा मुलगा शाळेची शेवटची परीक्षा देतो आणि महिन्याभरात अनोळखी शहरात, अनोळखी कुटुंबाच्या घरी राहायला जातो. पहिला करार दोन-तीन वर्षांचाच असतो. तो संपत आला की मुलगा म्हणू शकतो, मला माझ्या राज्यात जायचंय. मग क्लबला पडेल ती किंमत घेऊन त्याला सोडावं लागतं. २०२१ चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. नॉर्थ मेलबर्नने त्याला घेतलं आणि एकाच मोसमानंतर तो पोर्ट ॲडलेडला, आपल्या राज्यात परतला. मुलाला नावं ठेवणारे पुष्कळ होते. मला त्यांच्यात उभं राहावंसं वाटत नाही. काम कुठे करायचं हे ज्याला निवडूच दिलं नाही, त्याने पहिली संधी मिळताच घर निवडलं, यात दोष कुठला? पण क्लबने हा धोका आधीच हिशोबात धरायला हवा, ही चाहत्यांची मागणी रास्तच आहे. शेवटी वेस्ट कोस्टने पिक फोडला नाही, रीडला घेतलं.

बारीक नजरेच्या वाचकाला एक गोष्ट खटकेल. आठवा आणि बारावा पिक घेतलेल्या वेस्ट कोस्टने गिन्बेचं नाव प्रत्यक्षात नवव्या आणि ह्यूएटचं चौदाव्या नंबरवर पुकारलं. मधले नंबर कुठून आले? इथे येतो ड्राफ्टचा सर्वांत किचकट भाग: बाप-लेकाचा नियम.

वडील एखाद्या क्लबकडून किमान शंभर सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. पिढ्यान्पिढ्या एकाच क्लबशी बांधलेल्या चाहत्यांना हा नियम प्राणप्रिय आहे, आणि तो ड्राफ्टपेक्षाही जुना आहे. पूर्वी अशा मुलासाठी क्लबला फक्त एक मागचा पिक द्यावा लागे. गीलाँगने २००१ मध्ये धाकटा गॅरी ॲब्लेट चाळिसाव्या पिकवर घेतला आणि २००६ मध्ये टॉम हॉकिन्स एकेचाळिसाव्यावर. ‘बघा, ॲब्लेटसारखा खेळाडू एकोणचाळीस वेळा कुणाला दिसला नाही’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. बाकीच्यांना तो घेताच येत नव्हता. तो नंबर नियमाचा होता, गुणवत्तेचा नव्हता.

पुढे यात बोली आली, म्हणजे दुसरा क्लब आपल्या पाळीला अशा मुलाचं नाव पुकारू शकतो आणि हक्काच्या क्लबला तो हवा असेल तर त्या नंबरची किंमत भरावी लागते. २०१५ पासून या किमतीसाठी गुणांचा तक्ता आला. प्रत्येक पिकला ठरावीक गुण. २०२४ पर्यंत ते असे होते: पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २५१७, चौथ्याला २०३४, दहाव्याला १३९५, आणि उतरत उतरत चाळिसाव्याला ४२९. आता २०२१ चं निक डायकोसचं उदाहरण पाहा. वडील पीटर डायकोस कॉलिंगवूडचे दिग्गज. ड्राफ्टच्या रात्री गोल्ड कोस्टने निकचं नाव पुकारलं, आणि बोली चौथ्या नंबरवर लागली. कॉलिंगवूडला तो हवा तर चौथ्या पिकइतके गुण भरायचे. २०३४ मधून सवलतीचे २० टक्के वजा केले की उरतात साधारण १६२७. आता चाळिसाव्याच्या आसपासचे चार पिक घ्या. चार गुणिले ४२९ म्हणजे १७१६. झालं काम! ज्या चार पिकवर फारशी झोप कुणी उडवून घेत नाही, तेवढ्यात देशातला चौथ्या नंबरचा मुलगा घरात. कॉलिंगवूडने असे मागचे पिक आधीच गोळा करून ठेवले होते. आणि बोलीचा मुलगा मध्येच घुसला की त्याच्यामागचे सगळे नंबर एकेकाने खाली सरकतात. वेस्ट कोस्टचा आठवा नववा झाला तो असा.

इथे इतर क्लबचे चाहते चिडतात, आणि मला त्यांचं पटतं. तळाच्याला वर आणायला काढलेली रांग वरच्यालाच आणखी वर नेत असेल, तर रांगेचा उपयोग काय? ब्रिस्बेन २०२२ मध्ये अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलं होतं. त्याच वर्षी त्यांना मार्कस ॲशक्रॉफ्टचा मुलगा विल दुसऱ्या नंबरवर मिळाला. २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं ब्रिस्बेन जिंकलं, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक विल ॲशक्रॉफ्टने नेलं. यात ब्रिस्बेनने नियम मोडला नाही. पण नियम सैल होता. म्हणूनच २०२५ पासून सवलत १० टक्क्यांवर आणली आणि मागच्या पिकचे गुण घटवले. उत्तरेकडचे चार क्लब आपल्या भागातली मुलं स्वतःच्या अकादमीत घडवतात; त्या मुलांवरही त्यांचा पहिला हक्क असतो आणि त्यांनाही हाच बोलीचा हिशोब लागतो. २०२३ मध्ये गोल्ड कोस्टने एकाच ड्राफ्टमध्ये असे चार घेतले.

तेव्हा ड्राफ्टआधी कुणी ‘आपल्याकडे सहावा पिक आहे’ म्हणालं, तर आधी हे विचारा की त्याच्या पुढे बाप-लेकाच्या किंवा अकादमीच्या किती मुलांवर बोली लागेल. दोन लागल्या तर तो आठवा होतो. मुलं मात्र बदलत नाहीत, कारण ती दोन मुलं तशीही तुम्हाला मिळणार नव्हती. नंबर घसरला म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता मेलबर्नकडे परत. तेव्हा नियम असा होता की सलग दोन मोसम पाचपेक्षा कमी विजय मिळाले, तर पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा पिक मिळायचा. मेलबर्न २००९ मध्ये चार विजयांवर थांबलं. मॅकमॅहनची ती किक चुकली असती तर पाच झाले असते. पहिले दोन्ही पिक मेलबर्नला मिळाले, त्यावर टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह आले. स्कली दोन मोसम खेळून नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे गेला. ट्रेंगोव्हची कारकीर्द पायाच्या दुखापतीने पोखरली. क्लबची चौकशी झाली. सामने मुद्दाम हरल्याचा ठपका आला नाही, तरी २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड बसला. विजेतेपद यायला २०२१ उजाडलं.

आणि रिचमंड? त्या मोसमात त्यांचे पाच विजय आणि एक बरोबरी. गणित करून पाहा: ती किक बाहेर गेली असती तर रिचमंड मेलबर्नच्याही खाली, अगदी तळाला गेलं असतं आणि पहिला पिक त्यांचा झाला असता. तेव्हा पहिल्या नंबरसाठी सगळ्यांच्या तोंडी स्कलीचंच नाव होतं. किक आत गेली, रिचमंड एक पायरी वर सरकलं आणि त्यांच्या वाट्याला तिसरा पिक आला. त्यावर त्यांनी घेतला डस्टिन मार्टिन. २०१७, २०१९ आणि २०२० ही तिन्ही विजेतेपदं रिचमंडने जिंकली, आणि तिन्ही अंतिम सामन्यांत नॉर्म स्मिथ पदक त्याच्याच गळ्यात पडलं.